दसरूभाऊ, तुम्ही चाबी का दिलीत

दसरूभाऊ,

शवागारात मी तुमचं तोंड ओळखलं नाही. ओळखण्यासारखं काही ठेवलं नव्हतं. शर्टाच्या खिशाला तुमच्या बायकोने, जानोबाईंनी, हिरव्या दोऱ्याने घातलेले टाके होते, त्यावरून मी सांगितलं की हो, हे आमचेच ड्रायव्हर. तिथल्या माणसाने जखमांची यादी केलेली होती, अनुक्रमांक टाकून, आणि ती त्याने माझ्यापुढे सरकवली. तेरा वर्षं मी तुमच्या गाडीच्या प्रत्येक गोष्टीची यादी ठेवली. टायर कधी बदलला, ताडपत्री कुठे फाटली, कोणत्या खरेदी केंद्रावरून हिरड्याची किती पोती चढली. ही यादी मात्र मला वाचता आली नाही. शेवटचा क्रमांक तेवढा दिसला. सतरा.

दुसरा कागद पोलीस ठाण्यात होता. तो मी वाचला. पिकअपच्या चालकाने सायकलवरून जाणाऱ्या इसमास धडक दिली, त्यानंतर संतप्त जमावाने चालकास मारहाण केली, असं त्यात एका दमात लिहिलं होतं. मारणारे कोण, तर जमाव. जमावाला नाव नसतं, गाव नसतं, बाप नसतो. नाव फक्त तुमचं होतं. मी विचारलं, धडक यांनीच दिली हे कशावरून?

लिहिणारा म्हणाला, "मॅडम, त्यानं स्वतः चाबी काढून लोकायच्या हातात देल्ली. ज्यानं काई केलंच नाई तो चाबी देते काय?"

मी टेबलावर हात आपटला. पाण्याचा ग्लास आडवा झाला. पाणी त्या कागदापर्यंत जावं असं मला फार वाटलं, पण ते दुसरीकडेच वाहत गेलं.

आज चौदा दिवस झाले. या चौदा दिवसांत मी एकच काम केलं: ती धडक तुमच्या नावावरून काढायची. ते काम कुठवर आलं ते सांगते. पण आधी आपलं भांडण पुढे नेते, कारण ते अर्ध्यातच राहिलं आहे आणि आता तुम्ही मध्ये "असू द्या ना बाई" म्हणणार नाही.

भांडण एवढंच होतं. रस्त्यावर थांबायचं की नाही.

मी बल्लारपूरची. बाबांनी मला लुना शिकवली तेव्हा पहिला धडा ब्रेकचा नव्हता, हॉर्नचा होता. "ब्रेकवर बोट ठेवशील तर मागचा तुले तुडवून जाईन," असं ते म्हणायचे, आणि पहाटपाळीला जाताना स्वतः तसेच जायचे, हँडल घट्ट धरून, जबडा आवळून. आमच्याकडे हॉर्न म्हणजे शिवी. समोरच्याने डिपर दिला की त्याचा अर्थ 'मी येतोय, तू मर.' साईड दिली तर तो आपला पराभव, आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, कारण बघितलं की त्याला कळतं आपण त्याला पाहिलंय, मग तो अजून घुसतो. कोळशाच्या टिप्परने माझ्या वर्गातल्या दोन मुली त्या रस्त्यावर घेतल्या. अशा रस्त्यावर वाढलेलं माणूस सभ्य राहत नाही. मी राहिले नाही.

तुमचा रस्ता धानोऱ्याच्या पुढचा. एकच गाडी मावेल एवढं डांबर. समोरून गाडी आली की भरलेली डांबरावर राहणार आणि रिकामी खाली उतरणार, हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. डोक्यावर मोहाची टोपली घेऊन बाई चालली असेल तर तिच्या अंगावर धूळ उडू नये म्हणून तुम्ही गाडी पार पलीकडच्या कडेला न्यायचात. गुरं आडवी आली की नुसतं थांबायचं नाही, इंजिन बंद करायचं, गुराख्याची हाक गुरांना ऐकू यावी म्हणून. आणि प्रत्येक माणसाला स्टिअरिंगवरचा पंजा उचलून जोहार. मी एकदा मोजले. धानोऱ्यापासून पहिल्या केंद्रापर्यंत एकेचाळीस जोहार. गाडीचा वेग कमी का पडतो, त्याचं कारण मला त्या दिवशी कळलं.

आरमोरीत, जिथे आपलं ऑफिस आहे, तिथे हे अर्धं अर्धं असायचं. लोक अर्ध्या रस्त्यावर धान वाळत घालतात आणि उरलेल्या अर्ध्यावर ट्रॅक्टर उभे करून गप्पा मारतात. कुणाला घाई नाही, कुणाला शरमही नाही. पुढे मूल गाव ओलांडलं की हॉर्न वाढतात. चंद्रपूर ओलांडलं की माणसं संपतात, फक्त गाड्या उरतात. तुम्ही आठवड्यातून दोनदा हा सगळा पट्टा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कापायचात आणि दोन्ही टोकांना एकसारखीच गाडी चालवायचात. चूक तीच होती. मी हे तुम्हाला शंभरदा सांगितलं असेल.

ती बकरी. मी नोकरीला लागून महिनाही झाला नव्हता, केंद्रांची पाहणी करायला तुमच्यासोबत निघाले होते. मोहाच्या बुंध्यामागून बकरी उडी मारून आली आणि चाकाखाली गेली. तो आवाज अजून लक्षात आहे, ओलं लाकूड मोडल्यासारखा. तुम्ही गाडी थांबवली, चाबी काढली, खाली उतरलात, आणि अंगण झाडत असलेल्या म्हातारीच्या तळहातावर ती चाबी ठेवून तिथेच मातीत मांडी घालून बसलात. बकरी तिची होती.

"भाऊ, काय करून राह्यले? केंद्रावरचा काटा चार वाजता बंद होते."

"बसा ना बाई. सावलीत बसा."

"चाबी काऊन देल्ली तिले?"

"आता गाडी तिची हाय. ती देईन तवा आपली."

म्हातारीने चाबी कमरेला खोचली आणि पुन्हा झाडू लागली. पूर्ण अंगण झाडून झाल्यावर तिने माणसं बोलावली. तुम्ही एवढंच म्हणालात, "माझ्यानं झालं." कुणी आवाज चढवला नाही. तुमच्या गोठ्यातलं एक पाठरू, बकरीचं पिल्लू, तिच्याकडे येईल असं ठरलं, मेलेली बकरी शिजली, आपण जेवलो, तेव्हा कुठे तिने चाबी परत केली. मी रजिस्टरला लिहिलं: बकरीमुळे विलंब, साडेतीन तास. तुम्ही माझ्या खांद्यावरून वाचलंत आणि म्हणालात, "विलंब नोका लिवू बाई. बसलो, असं लिवा."

पुढे तुम्ही मला ती रीत नीट समजावली. चाबी म्हणजे मी पळत नाही. चाबी घेतली म्हणजे आता तुझ्या अंगाला हात लावणार नाही. आणि चूक आपली असो की दुसऱ्याची, पडलेल्या माणसापाशी ज्याची गाडी थांबेल त्याने चाबी द्यायची, कारण आता ती गाडी पडलेल्याच्या कामाची. दवाखान्यात न्यायला, घरी निरोप द्यायला, जशी लागेल तशी. मी ऐकलं, मान हलवली, आणि ऑफिसात येऊन ड्रायव्हरांसाठीच्या सूचनांचा तक्ता नवा केला. दोन रकाने. जंगलाकडचा रस्ता, खाणीकडचा रस्ता. खाणीकडच्या रकान्यात ठळक अक्षरांत: अपघात दिसल्यास उतरू नये, थेट पोलीस ठाणे गाठावे, ऑफिसला फोन करावा.

दरवर्षी तुम्ही त्यावर सही करायचात आणि दरवर्षी म्हणायचात, "सही करतो बाई. पण हे माणसाले सांगावाची गोष्ट नाई."

"भाऊ, तुमच्या गावात सगळे एकमेकाले ओळखतात. तिथी कोणी कोणाचं नाई."

"नाई कसं? पडलेला कोणाचा तरी असनच."

"त्याचेच लोक आधी मारतात अन् मंग पाहतात."

"मंग आधीच चाबी देऊन देतो. त्याच्या हातात चाबी असन, तर मारन कोणत्या हातानं?"

मी हसले होते. गाडीत बसलेला केंद्रावरचा माणूसही हसला होता. माणसाला दोन हात असतात, भाऊ. एवढं साधं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही.

खाणीच्या रस्त्यावर एकदा टिप्परने कट मारून आपला आरसा उडवला. पुढे फाटकापाशी तो अडकला. तुम्ही काही म्हणायच्या आत मी सीटखालचा जॅकचा लोखंडी दांडा काढला, उतरले आणि त्याचा पुढचा दिवा फोडला. एक फोडला, मग दुसराही. त्याचा ड्रायव्हर वरून बघत राहिला. साडीतली, चष्मा लावलेली बाई, काखेत पर्स, हातात दांडा. तो खालीच उतरला नाही. मी परत आले तेव्हा मला बरं वाटत होतं. हे खोटं कशाला सांगू, फार बरं वाटत होतं. तुम्ही दांडा माझ्या हातातून घेतलात, फडक्याने काच पुसून काढलीत, जागेवर ठेवलात आणि गाडी चालू केलीत. गडचिरोली आलं तेव्हा म्हणालात, "ऑफिसात तुमी लय बऱ्या असता, बाई."

त्या दिवशी, म्हणजे चौदा दिवसांपूर्वी, तुम्ही हिरड्याची पोती घेऊन बल्लारपूरच्या गोदामाकडे निघाला होतात. सकाळी अकरा वाजून सहा मिनिटांनी तुमचा फोन आला.

"बाई, टिप्परनं एका माणसाले उडवलं. सायकल पार चेपली. तो पळाला, थांबला नाई."

मी विचारलं, तुम्ही कुठे आहात. तुम्ही गावाचं नाव सांगितलंत. मी म्हटलं, "गाडीतून उतरू नोका. सरळ ठाण्यावर जा."

"उतरलो ना बाई. त्याचं डोकं मांडीवर हाय माझ्या. जिता हाय. गाडीत टाकावाले दोन माणसं पाह्यजे. ते पाहा, येऊन राह्यले लोक."

फोन तुम्ही खिशात ठेवलात. बंद केला नाही. मी ऐकत होते. धावणारे पाय ऐकले. बाईचं किंचाळणं ऐकलं. तुमचा आवाज ऐकला, शांत, अंगणात बसल्यासारखा: "घ्या बाबा, चाबी घ्या. मी इथीच हाय." मग दुसरा आवाज: "यानंच उडवलं. पाहा, चाबी देऊन राह्यला." मग पहिला फटका. खिशातल्या फोनवर फटका कसा ऐकू येतो ते आता मला माहीत आहे. आधी कापडाचा आवाज, मग हाडाचा, मग श्वासाचा. कुणीतरी सळाख मागितली. कुणीतरी "राजू, सोडू नोको त्याले" म्हणालं, आणखी दोन नावं कानावर पडली. तुम्ही दोनदा "अरे थांबा, याले न्या आधी" म्हणालात. "याले" म्हणजे पडलेल्याला. तुम्ही स्वतःसाठी काहीच मागत नव्हतात. मी ऑफिसात उभी राहून फोनमध्ये ओरडत होते, आईबहिणीवरून, बल्लारपूरच्या सगळ्या शिव्या. तुमच्या छातीवरच्या खिशातून त्या कुणाला ऐकू जाणार होत्या? अकरा मिनिटांनी फोन तुटला.

मी हे सगळं ठाण्यात सांगितलं. ऐकलेलं कुठे नोंदलेलं आहे, असं विचारलं गेलं. नव्हतं. मग एकच माणूस उरला, ज्याचं डोकं तुमच्या मांडीवर होतं.

त्याचं नाव विलास. नदीत जाळं टाकतो आणि सायकलवर मासोळी विकतो. त्याचा पाय मांडीपासून मोडला होता, डोक्याला टाके होते, पण तो जगला. तुम्ही ज्या म्हाताऱ्याला चाबी दिलीत तो त्याचा बाप. "राजू, सोडू नोको" मधला राजू त्याचा धाकटा भाऊ. हे सगळे एका खोलीच्या घरात राहतात, हमरस्त्याला लागून. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा विलास म्हणाला, "मले काई आठवत नाई, बाई." दुसऱ्यांदा गेले तेव्हाही तेच. राजू दाराशी उभा होता, हात छातीवर बांधून, आणि त्याच्या उजव्या हाताच्या बोटांची सालं गेलेली होती. मी त्या बोटांकडे बघत चहा प्यायले.

तिसऱ्यांदा जाताना मी जॅकचा दांडा माझ्या गाडीच्या सीटखाली ठेवला. कशासाठी ते स्वतःला सांगितलं नाही, पण ठेवला.

मधल्या काळात तुमच्या गावात बैठक झाली होती. कागदावर काय लिहिलंय ते गावाला कळलं होतं, आणि गावाने ते खरं धरलं होतं, कारण तुम्ही चाबी दिली होती, आणि कागदावर लिहिलेलं खोटं असू शकतं हे त्यांना कोण सांगणार; मी ठाण्यात आणि विलासच्या दारात हेलपाटे घालत होते. ठरलं होतं ते मी जसंच्या तसं विलासला सांगितलं. "दसरूभाऊंच्या गाडीनं तुमचा पाय मोडला, असं तिकडं समजून राह्यले. म्हणून तुमचा पाय बरा होईपर्यंत त्यायच्या घरचा एक माणूस तुमच्याकडं येऊन राहीन. तुमचं जाळं टाकीन, मासोळी विकीन. जानोबाईचा भाऊ येणार हाय. सोमवारी."

विलासने मान वर केली. "कोणाकडून?"

"ज्याले तुमी लोकायनी मारलं, त्याच्या घरून."

मग विलास भावाकडे बघून बोलू लागला, माझ्याकडे नाही. "टिप्पर होता. कोळशाचा. मी तुले त्याच दिवशी सांगून राह्यलो होतो. माझं डोस्कं त्यायच्या मांडीवर होतं अन् तुमी त्यायलेच मारून राह्यले होते. मी म्हणत होतो, हा नाई, हा नाई. माझ्या तोंडावर रक्त पडून राह्यलं होतं, ते माझं नोहोतं."

"चुप बे," राजू म्हणाला.

म्हातारा कोपऱ्यात बसला होता. तो म्हणाला, "माझ्या हातात देल्ली त्यानं चाबी. मी धरून होतो. मले समजलंच नाई ते कायले देल्ली."

मी विलासला विचारलं, उद्या ठाण्यावर येता का. तो म्हणाला, "उचलून न्या लागन." मी म्हटलं, नेते.

राजू माझ्या मागे गाडीपर्यंत आला. मी दार उघडलं, बसले. तो खिडकीशी उभा राहिला, इतका जवळ की मला त्याच्या अंगाचा मासोळीचा वास येत होता. "काऊन देल्ली बाई त्यानं चाबी? आमच्याकडं कोणी देते काय? नसती देल्ली तर आमी विचारलं असतं." माझा हात सीटखाली गेला होता. दांडा हाताला लागला होता. मी त्याच्या कपाळाच्या उजव्या बाजूला जागा निवडलीसुद्धा होती, भाऊ, केसांच्या खाली, दोन बोटांवर.

हात थांबला तो चांगुलपणाने नाही. त्याच्या तोंडावर जे होतं ते माझ्या ओळखीचं होतं.

मी एकवीस वर्षांची असेन. बल्लारपूरच्या भाजी बाजाराच्या रस्त्यावर गर्दी दिसली. टेम्पोवाल्याला लोक मारत होते. मी लुना लावली आणि आत घुसले. कुणाला लागलं होतं ते मी बघितलं नाही. टेम्पोवाला खाली वाकलेला होता, दोन्ही हात कानांवर. मी पायातली चप्पल काढली आणि त्याच्या मानेवर मारली. दोनदा. माझ्या वर्गातल्या दोन मुलींसाठी मारली असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले, पण त्या क्षणी त्या मुली मला आठवल्या नव्हत्या. मी मारलं, कारण सगळे मारत होते आणि तो खाली होता. मग चप्पल घातली, कोथिंबीर घेतली आणि घरी जाऊन जेवले. तेरा वर्षं तुमच्या शेजारी बसून मी खाणीकडच्या लोकांचे नियम तुम्हाला शिकवले. ते मला कुठून माहीत, हे तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही.

मी काच वर केली आणि निघाले.

विलासचा जबाब दुसऱ्या दिवशी झाला. चार माणसांनी त्याला खाटेसकट ठाण्यात नेलं. आता कागदावर अज्ञात टिप्पर आहे. मारणाऱ्यांची नावं त्याने सांगितली नाहीत. मी फोनवर ऐकलेली तीन नावं लिहून दिली, राजूचं पहिलं. पुढचं पुढे होईल. पण तुम्ही धडक दिली नाहीत, हे आता माझं एकटीचं म्हणणं राहिलेलं नाही.

तिथून मी थेट तुमच्या गावी गेले. दुपार होती. गोटुलासमोर, गावाच्या बैठकीच्या जागी, माणसं जमली होती, जानोबाई पुढे बसल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, पहिल्या फोनपासून जबाबापर्यंत, क्रमाने. कुणाला काही आणून द्यायचं नाही, कुणी जाळं टाकायला जायचं नाही, दसरूभाऊंनी कुणाला उडवलं नव्हतं. जानोबाईंच्या भावाने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. तो खरंच निघायच्या तयारीत होता.

जानोबाईंना तेवढ्याने पुरलं नाही. "चाबी देल्ली तरी मारलं?"

"हो."

"चाबी घेऊन?"

"हो. घेऊन."

"असे कसे लोक हाये ते?"

रस्त्यात मी उत्तर तयार ठेवलं होतं. गर्दी, खाणीचा रस्ता, रोजचे मेलेले, लोक चिडलेले. ते सगळं बरोबर होतं आणि मला ते त्यांच्यापुढे म्हणता आलं नाही. मी म्हटलं, "माझ्यासारखे." आणि टेम्पोवाल्याची गोष्ट सांगितली. तुम्हाला जी कधी सांगितली नाही ती तुमच्या बायकोला, तुमच्या गावासमोर, चपलेसकट सांगितली.

त्यांनी मध्ये थांबवलं नाही. संपल्यावर त्यांनी विचारलं, "तो जगला?"

"मालूम नाई."

"त्यानंच धडक देल्ली होती काय?"

"मालूम नाई. मी विचारलं नाई."

"अन् नाव?"

तेही मी विचारलं नव्हतं. माझ्या पिशवीत तुमच्या तेरा वर्षांच्या प्रत्येक फेरीची नोंद होती.

जानोबाईंनी पदराने तोंड पुसलं. त्या रडत नव्हत्या, घाम होता. म्हणाल्या, "मंग जाऊन विचार. मारून झाल्यावर तिथी जे थांबले असतीन त्यायच्यापाशी, त्यायले मालूम असन."

थांबलेलं कोणी नव्हतं, भाऊ. आम्ही सगळे आपापल्या घरी गेलो होतो.